स्पर्धा बिघडली, आता मुलींशी काय बोलायचं? चीअरलीडिंगच्या संघाला सावरण्याचा क्रम

धीर द्यायला सगळेच धावतात, घोळ होतो तो वेळेचा. नुसतं पाणी हातात द्यायचं त्या क्षणी आपण भाषण ठोकतो. आणि चार दिवसांनी, नेमकं बोलायची वेळ येते तेव्हा ‘जाऊ दे गं, झालं ते झालं’ म्हणून विषय गुंडाळतो. सोलापुरात शाळकरी मुलींना चीअरलीडिंग (संगीतावर उड्या, नाच, आरोळ्या आणि एकमेकींच्या आधाराने रचलेले मनोरे असा सांघिक खेळ) शिकवताना या दोन्ही चुका मी केल्या आहेत. पहिल्या वर्षी पुण्याहून परतताना दौंड यायच्या आतच मी गाडीत मोबाईलवर व्हिडिओ लावला होता, ‘चूक कळली पाहिजे’ म्हणून. कुर्डुवाडी येईपर्यंत संघातल्या पंधरा जणी सोळावीशी बोलत नव्हत्या. ती सोळावी पुढे दोन महिने सरावाला आली नाही.

तेव्हापासून एक क्रम ठरवून घेतला आहे: आधी अंग, मग पोट आणि झोप, मग रडणं, मग आकडे आणि सगळ्यात शेवटी मॅट. यातली एकही पायरी गाळू नका, पुढची मागे करू नका. नऊ ते चौदा वर्षांच्या मुलींसाठी हे लिहिते आहे. लेझीम किंवा समूहनृत्याच्या पथकालाही यातलं बरंचसं लागू पडेल, फक्त मनोऱ्यांचा भाग सोडून.

## तयारी: स्पर्धेला निघण्याआधी

सावरण्याचं निम्मं काम स्पर्धेच्या आधी होतं. नेमकं तेच राहून जातं, कारण निघायच्या आठवड्यात पोशाख, रिबिनी आणि तिकिटं यापलीकडे कुणाला काही सुचत नाही.

१. क्रमांकाशी संबंध नसलेली दोन लक्ष्यं ठरवा. ‘पहिलं यायचं’ हे लक्ष्य मुलींच्या हातात नसतं. समोरच्या संघाने काय बसवलंय, परीक्षकांना काय भावतं, यावर ते लटकलेलं असतं. ‘शेवटच्या मनोऱ्यात पाचही जणींचे गुडघे ताठ’ आणि ‘अडीच मिनिटं एकीचाही आवाज खाली नाही’ ही लक्ष्यं त्यांच्या हातातली. ती मुलींकडूनच काढून घ्या आणि फळ्यावर लिहा. परतल्यावर याच दोन ओळी कामाला येतात.

२. आठांचा कागद तयार ठेवा. चीअरलीडिंगचा कार्यक्रम साधारणपणे अडीच मिनिटांपर्यंतचा असतो. आमचं संगीत मिनिटाला १४४ ठोक्यांचं आहे. म्हणजे अडीच मिनिटांत ३६० काउंट, आणि आठ-आठचे गट केले तर बरोबर ४५ आठ. एका कोऱ्या कागदावर ४५ चौकटी आखा, नऊच्या पाच ओळी. प्रत्येक चौकटीत त्या आठात काय घडतं ते दोन शब्दांत लिहा: ‘उडी’, ‘प्रेप चढणं’ (प्रेप म्हणजे खांद्याच्या उंचीपर्यंतचा मनोरा), ‘जागा बदल’, ‘मनोरा’. याच्या प्रत्येक मुलीसाठी दोन-दोन प्रती काढून ठेवा. तुमचं संगीत वेगळ्या वेगाचं असेल तर चौकटी कमी-जास्त होतील. हिशेब आधी करा, परतल्यावर डोकं चालत नाही.

३. मोठ्यांची कामं वाटून घ्या. चीअरलीडिंगची माहिती असलेली एक व्यक्ती, पाणी-औषधं बघणारी एक आणि पालकांशी बोलणारी एक. तिन्ही कामं एकाच मॅडमच्या गळ्यात पडली की पडलेल्या मुलीकडे बघायला कुणीच उरत नाही.

४. पालकांना आधीच सांगून ठेवा. निघण्यापूर्वी दहा मिनिटांची बैठक घ्या. आपल्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, तेव्हा पाणी यायचा दिवस टाळा. त्या संध्याकाळी एकही आई घरातून हलणार नाही आणि हलूही नये. बैठकीत एकच विनंती करायची: निकाल काहीही लागो, दुसऱ्या दिवशीच्या संध्याकाळपर्यंत पडल्याचे किंवा चुकल्याचे व्हिडिओ ग्रुपवर, स्टेटसवर किंवा रीलवर टाकायचे नाहीत.

> तपासा: दोन लक्ष्यं फळ्यावर आहेत? आठांचे कागद बॅगेत आहेत? मुलींच्या घरचे दोन-दोन फोन नंबर कागदावर लिहिलेत? मोबाईलची बॅटरी नेमकी तेव्हाच उतरते.

## टप्पा १: मॅटवरून उतरल्यानंतरची पहिली दहा मिनिटं

मॅटवरून उतरलेल्या मुलीच्या कानात तुमचं बोलणं शिरत नाही. छाती धडधडत असते, हात थरथरत असतात. या दहा मिनिटांत कामं तीनच.

पहिलं, लागलंय का ते बघा. कुणी पडलं असेल तर ‘ठीक आहेस ना?’ हा प्रश्न पुरत नाही, कारण त्याचं उत्तर ‘हो मॅडम’ असंच येतं. मनगट फिरवून बघा, घोट्यावर उभं राहायला सांगा, डोकं आपटलं का ते तिला विचाराच, शिवाय तिला झेलणाऱ्या मुलींनाही विचारा. डोक्याला मार असेल आणि डोकं दुखणं, चक्कर, मळमळ, उजेड सहन न होणं, तेच तेच विचारत राहणं यातलं काहीही दिसलं तर त्या दिवशी तिला पुन्हा मॅटवर पाठवायचं नाही आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय परतीच्या गाडीत बसवायचं नाही. उलटी झाली, शुद्ध हरपली, गुंगी वाढत गेली तर थेट १०८.

दुसरं, पाणी आणि जॅकेट. घाम सुकताना थंडी वाजते, आणि थंडीने कापणाऱ्या मुलीला आपण घाबरून कापतोय असं वाटतं. अंगावर काहीतरी घाला. खाली बसवा. लांब श्वास सोडायला सांगा. घ्यायला नव्हे, सोडायला. घेणं आपोआप होतं.

तिसरं, तीन वाक्यं. मी हीच वापरते: ‘पूर्ण केलंत. मी बघितलं. आता पाणी प्या.’ बस. ‘छान झालं’ म्हणू नका, छान झालेलं नाही हे त्यांना कळतं. ‘काय केलंत हे!’ सुद्धा नको.

> इथे चुकतं: घोळक्यात उभं राहून मोठ्या आवाजात ‘कुणाच्या हातून सुटलं?’ असं विचारणं. उत्तरादाखल पंधरा बोटं एकीकडे वळतात. ती बोटं पुढे महिनाभर खाली येत नाहीत.

## टप्पा २: निकाल आणि बक्षीस समारंभ

हा टप्पा लहान आहे. मुलींना आधीच सांगा की आपलं नाव येईल किंवा येणार नाही, टाळ्या दोन्ही वेळी वाजवायच्या. रडू येत असेल त्या मुलीला मोठ्या माणसाबरोबर बाहेर जाऊ द्या. सगळ्यांसमोर हसऱ्या चेहऱ्याने उभं राहायची सक्ती नको. समारंभ संपला की जिंकलेल्या संघाशी हात मिळवून या.

परीक्षकांशी वाद मुलींसमोर घालू नका. गुणांबद्दल शंका असेल तर संयोजकांना एकट्याने भेटा आणि गुणपत्रक मिळत असेल तर मागून घ्या. त्यात मांडणी, अवघडपणा, सफाई यांचे गुण आणि पडल्याबद्दलची वजावट वेगवेगळी दिलेली असते. पुढे टप्पा सहामध्ये ते लागेल.

## टप्पा ३: परतीचा प्रवास

संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुण्याहून सुटणारी हुतात्मा एक्स्प्रेस दहाच्या सुमाराला सोलापूरला पोचते. चार तास. हे चार तास म्हणजे चर्चेची आयती संधी, असं वाटतं. तसं वाटू देऊ नका.

आधी खायला द्या. घरून आणलेले धपाटे, दही, शेंगाची चटणी डब्यातून बाहेर काढा. सकाळपासून मुलींनी बिस्किटांपलीकडे काही खाल्लेलं नसतं आणि रिकाम्या पोटी सगळं जग आपल्यावर उलटल्यासारखं वाटतं. खाल्ल्यावर निम्म्या जणी झोपतात, चार जणी भेंड्या सुरू करतात. हसू द्या. ‘हरलात तरी हसताय?’ हे वाक्य मी एका पालकाच्या तोंडून ऐकलं आहे. पोरी गप्प झाल्या त्या स्टेशन येईपर्यंत.

बसायच्या जागा मात्र तुम्ही ठरवा. मनोऱ्यात चूक झाली असेल तर त्या गटातल्या मुलींना एकत्र कोंबू नका आणि वेगवेगळ्या डब्यांतही पांगवू नका. पडलेली किंवा पकड सुटलेली मुलगी खिडकीशी एकटी बसली असेल तर तिच्याशेजारी जाऊन बसा. काही बोलू नका. तिने विषय काढलाच तर ऐका आणि एवढंच म्हणा, ‘आपण यावर शनिवारी बोलू, नक्की.’ वार सांगणं महत्त्वाचं. ‘नंतर बघू’ म्हटलं की ती रात्रभर तेच बघत बसते.

> इथे चुकतं: गाडीत व्हिडिओ लावणं. माझी चूक वर सांगितली आहेच. आता निघतानाच व्हिडिओ असलेला मोबाईल मी दुसऱ्या मॅडमकडे देते आणि परत मागितला तरी देऊ नका असं बजावते.

## टप्पा ४: घरी, त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी

हा टप्पा पालकांचा. तुम्ही प्रशिक्षक असाल तर हा भाग त्यांना वाचून दाखवा. त्यांचं तुमच्याइतकंच मन लागलेलं असतं, शिवाय पैसेही लागलेले असतात. कुणाचे वडील यंत्रमागावर, कुणाची आई विड्या वळते. पोशाख आणि तिकीट मिळून त्यांच्या घरातला बराच मोठा खर्च झालेला असतो. म्हणून रागात पहिलं वाक्य बाहेर पडतं ते ‘एवढा पैसा घातला आणि...’ हे वाक्य पूर्ण झालं नाही तरी मुलगी ते पूर्ण करते.

दारात काय म्हणायचं ते साधं आहे. ‘आलीस? हातपाय धू, जेवायला बस.’ स्पर्धेबद्दल तिने काढलं तर बोला, नाही काढलं तर त्या रात्री नको. ती रडली तर रडू द्या. ‘रडायचं नाही, शूर ना तू?’ म्हटलं की रडणं थांबत नाही, नुसतं बाथरूममध्ये जातं.

काही वाक्यं शेजारी शेजारी ठेवते.

‘तूच सगळ्यांत चांगली होतीस, बाकीच्यांनी घाण केली.’ हे ऐकून मुलीला बरं वाटतं, पण पुढे ती त्याच बाकीच्यांच्या खांद्यावर उभी राहणार असते. त्याऐवजी: ‘तुझी कुठली गोष्ट आज मनासारखी झाली?’

‘त्या परीक्षकांना काही कळत नाही.’ याऐवजी काहीच नको. गप्प बसणं चालेल.

‘पुढच्या वर्षी पहिल्या येणारच तुम्ही!’ हे तर उद्याचं ओझं आजच डोक्यावर दिल्यासारखं. त्याऐवजी: ‘उद्या शाळेला उशिरा गेलीस तरी चालेल, मी चिठ्ठी देते.’

आजी-आजोबा आणि शेजाऱ्यांकडेही लक्ष असू द्या. स्पर्धा बिघडली की घरात कुणीतरी म्हणतंच, ‘पोरीच्या जातीला कशाला हव्यात असल्या उड्या? हातपाय मोडले म्हणजे?’ अपयश दिसतं एका दिवसाचं, पण ते निमित्त करून मुलीचा खेळच बंद होतो. ज्या घरातून असा सूर येतोय असं वाटतं तिथे मी आठवड्याच्या आत स्वतः जाते. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू बोलणाऱ्या घरी जाताना त्याच वस्तीतल्या एका मुलीच्या आईला बरोबर घेते, कन्नड घरी कन्नड बोलणारीला. माझ्या मराठीतल्या तासभर समजावण्यापेक्षा ‘माझीही त्याच संघात आहे, अक्का’ एवढं त्यांच्या भाषेतलं वाक्य जास्त काम करतं.

लहान मुली, म्हणजे नऊ-दहा वर्षांच्या, बहुतेकदा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत विसरतात. त्यांना पुन्हा पुन्हा ‘बरं वाटतंय ना?’ विचारून आठवण करून देऊ नका. बारा-तेराच्या मुली मात्र वरून गप्प असतात आणि आतून उगाळत राहतात.

> तपासा: दुसऱ्या दिवशी संध्याकाळी प्रत्येक घरी एक फोन. तीनच प्रश्न: जेवली का, झोपली का, कुठे दुखतंय का?

## टप्पा ५: ज्यांच्या हातून चूक झाली त्यांच्याशी वेगळं बोलणं

सगळ्यांच्या बैठकीआधी हे झालंच पाहिजे. नाहीतर बैठकीत त्या मुली आरोपीसारख्या बसतात.

वर चढणारी फ्लायर पडली की सगळे फ्लायरकडे धावतात. तिला जवळ घेतात, पाणी पाजतात. खाली उभ्या असलेल्या बेसकडे आणि मागे घोट्याला धरणाऱ्या बॅकस्पॉटकडे कुणी बघत नाही. फ्लायरला सहानुभूती मिळते आणि बेसला दोष. म्हणून मी आधी बेसशी बोलते. तिला दोन गोष्टी छळत असतात: माझ्यामुळे संघाचे गुण गेले, आणि माझ्यामुळे मैत्रिणीला लागलं असतं. दुसरी जास्त खोल असते.

‘मॅडम, माझ्यामुळे गेलं ना?’ हा प्रश्न येणारच. इथे ‘नाही गं, अजिबात नाही’ म्हणायचा मोह होतो. ते खोटं असतं आणि तिला ते कळतं. मग तुमच्या पुढच्या खऱ्या वाक्यावरही तिचा विश्वास बसत नाही. माझ्या उत्तराचे तीन तुकडे असतात. ‘पकड सुटली आणि गुण गेले, हे खरं. का सुटली ते आपण शनिवारी मिळून बघू. आणि तुझी जागा तीच आहे, ती बदललेली नाही.’

यातलं ‘सुटली’ नीट बघा. आपल्या भाषेत ही सोय आयती आहे: पकड सुटली आणि तू पकड सोडलीस, काउंट चुकला आणि तू काउंट चुकवलास, ती पडली आणि तू तिला पाडलंस. पहिल्या रूपात घटना आहे, दुसऱ्यात आरोप. घामेजलेल्या हातातून घोटा निसटला, तर मुलीने काही सोडलेलं नसतं. चुकांबद्दल बोलताना पहिलं रूप वापरायची सवय संघातल्या सगळ्यांनाच लावा. चांगल्या गोष्टींबद्दल मात्र उलट: ‘मनोरा टिकला’ नव्हे, ‘तू मनोरा धरून ठेवलास’. तिथे नाव घेऊन सांगा.

सगळ्यांसमोर माफी मागायला लावू नका. स्वतःहून मैत्रिणीला काही म्हणायचं असेल तर दोघींना पाच मिनिटं एकटं सोडा.

> इशारा: या भेटीत व्हिडिओ दाखवू नका, तिने मागितला तरी. तो सगळ्यांनी मिळून बघायचा आहे.

## टप्पा ६: आठांच्या कागदाची बैठक

स्पर्धेनंतर किमान दोन रात्रींच्या झोपेनंतर, पण आठवड्याच्या आत. आमची बहुधा शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर असते. गोल बसायचं, तुम्हीही खालीच बसायचं.

पहिली पायरी, आठवणीतून. प्रत्येकीला ४५ चौकटींचा कागद आणि तीन रंगांच्या पेन्सिली. नीट गेलेला आठ हिरवा, थोडा हललेला पिवळा, बिघडलेला लाल. न बोलता, दुसरीचा न बघता. दहा मिनिटं.

दुसरी पायरी, व्हिडिओ. आता एकदाच, सलग, न थांबवता दाखवा. पडल्याची जागा मागे-पुढे करून पुन्हा पुन्हा दाखवायची नाही. मग दुसरा कोरा कागद द्या आणि तोच रंगवायला सांगा.

तिसरी पायरी, दोन्ही कागद शेजारी. इथे दर वेळी तेच घडतं. आठवणीतल्या कागदावर लाल खूप असतं, व्हिडिओच्या कागदावर फार थोडं. गेल्या खेपेला एका मुलीने आठवणीतून सतरा चौकटी लाल केल्या होत्या, व्हिडिओ बघून पाच. ती कागदाकडे बघत म्हणाली, ‘मॅडम, एवढं वाईट नव्हतंच की.’ हे मी सांगितलं असतं तर तिने समजूत काढताय म्हटलं असतं. तिने स्वतः मोजलं होतं.

चौथी पायरी, लाल चौकटींची कारणं. नियम एकच: वाक्य नावाने सुरू करायचं नाही, आठाच्या क्रमांकाने सुरू करायचं. ‘तिसाव्या आठात पाचव्या काउंटला डाव्या घोट्याची पकड सुटली.’ मग कारण शोधायचं, आणि तेही ठरलेल्या पाचांपैकी: पकड, वेळ, जागा, दम किंवा सूचना. दम म्हणजे शेवटच्या अर्ध्या मिनिटात पाय जड झाले. सूचना म्हणजे काउंट मोठ्याने म्हणणारीचा आवाज पोचला नाही. असं शोधत गेलं की गंमत होते. आमच्या त्या सुटलेल्या पकडीचं मूळ पकडीत नव्हतंच, दोन आठ आधीच्या जागा बदलात बॅकस्पॉट अर्धं पाऊल लांब राहिली होती. आणि ती लांब राहिली कारण सराव आम्ही अंगणात केलेला, तिथे मॅटच्या कडा आखलेल्याच नव्हत्या. म्हणजे चूक माझी. ते मी तिथेच सांगितलं. प्रशिक्षकाच्या खात्यावर एखादी तरी लाल चौकट असतेच. ती शोधा आणि सर्वांसमोर स्वतःच्या नावाने रंगवा.

यंत्रमागावर काम करणाऱ्या एका वडिलांनी हा कागद बघून म्हटलं होतं, ‘आमच्याकडे धागा तुटला की गाठ मारतो आणि माग सुरू करतो, कुणी तोडला ते विचारत नाही.’ मी म्हटलं, पण एकाच जागी रोज तुटत असेल तर? ‘मग माग बघतो,’ म्हणाले. बैठक एवढ्याचसाठी असते.

पाचवी पायरी, गुणपत्रक आणि दोन लक्ष्यं. गुणपत्रक असेल तर आता दाखवा. वजावट किती आणि बाकीचे गुण किती, दोन्ही वेगळे मांडा. मग फळ्यावरची ती दोन लक्ष्यं. गुडघे ताठ राहिले का? आवाज टिकला का? जे साधलं ते साधलं म्हणा, नाही साधलं तर नाही. इथे मन राखायला रंग बदलू नका.

शेवटी एकच लाल चौकट निवडा, पुढच्या महिन्यासाठी. पाचही घेतल्या तर एकही सुटत नाही.

> इथे चुकतं: बैठक दीड तास चालवणं. चाळीस मिनिटांनंतर मुली फक्त मान डोलावतात. अपुरं राहिलं तर राहू द्या.

## टप्पा ७: पुन्हा मॅटवर

‘भीती मोडायला लगेच चढवा’ हा सल्ला आपल्याकडे पोहायला शिकवण्यापासून सगळीकडे दिला जातो. मनोऱ्यात तो धोक्याचा आहे. घाबरलेली फ्लायर गुडघे वाकवते, खाली बघते. तिचं वजन पुढे येतं आणि खालच्या तिघींचा तोल जातो. एकीच्या भीतीने चौघी पडतात.

पहिल्या दिवशी मनोरा नाहीच. उड्या, नाच, आरोळ्या आणि शेवटी पंधरा मिनिटं खो-खो किंवा साखळी. अंगाला खेळ पुन्हा आवडू द्या.

दुसऱ्या दिवशी जमिनीजवळचं: मांडीवर उभं राहण्याचा थाय स्टँड. चढणं आणि उतरणं, उतरण्यावर जास्त वेळ. पडायची भीती मुळात उतरता येईल की नाही याची असते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खांद्याच्या उंचीचा प्रेप, समोर एक जादा स्पॉटर, म्हणजे पडलीच तर झेलणारी, उभी करून. हात पूर्ण वर नेऊन करायचं एक्स्टेंशन पुढच्या आठवड्यात. एका पायावरची लिबर्टी त्याच्याही नंतर.

वरच्या पायरीवर जायचा निकष: ओळीने तीनदा स्वच्छ. दोनदा झालं आणि तिसऱ्यांदा हललं तर पुन्हा एकपासून. चढण्याआधी ‘तयार?’ असं विचारायचं आणि चौघींनी वेगवेगळं ‘तयार’ म्हणायचं. एकीचाही आवाज आला नाही तर चढायचं नाही, आणि त्याबद्दल तिला कुणी काही म्हणायचं नाही. घसा बसलाय की भीती वाटतेय, ते नंतर विचारता येतं.

भीती तोंडाने क्वचित सांगितली जाते. नेमकं चढायच्या वेळी बाथरूमला जाणं, बुटाची नाडी तीनदा बांधणं, मनगट दुखतंय म्हणणं, ही तिची तऱ्हा. मनगट खरंच दुखत असेल, तेही बघा.

फ्लायर बदलायची घाई करू नका. पहिले दोन आठवडे जागा त्याच ठेवा. दुखापत झाली असेल किंवा तिनेच मागितलं असेल तर वेगळं.

> इशारा: सराव मॅटवरच. शाळेच्या शहाबादी फरशीवर किंवा कुणाच्या गच्चीवर ‘फक्त एकदा बघू’ म्हणून मनोरा लावायचा नाही. डोक्याला मार लागलेल्या मुलीला डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पहिल्या दिवसाच्या उड्याही नकोत.

## टप्पा ८: एक छोटा कार्यक्रम

तीन-चार आठवड्यांनी, पुढच्या स्पर्धेच्या आधी, गुण न देणाऱ्या लोकांसमोर एकदा उभं राहायला मिळालं पाहिजे. शाळेचा परिपाठ, गॅदरिंग, २६ जानेवारीचं झेंडावंदन, काहीही चालेल. चाळीस सेकंद पुरे. त्यात हिरव्या चौकटींतले आठ घ्या आणि निवडलेली ती एक लाल चौकट, आता तिची सफाई आली असेल तरच. आलेली नसेल तर ती वगळा. सोलापुरात संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते, त्या दिवसांत मात्र कार्यक्रम ठेवू नका, मुलींचंही लक्ष नसतं आणि पालकांचंही.

## केव्हा काळजी करायची

पहिला आठवडा चिडचिड, गप्पपणा, ‘मला नाही यायचं’ हे चालतं. दोन आठवडे उलटूनही झोप नाही, जेवण सुटलंय, शाळेत जायला नको म्हणते, मैत्रिणींना टाळते किंवा स्वतःबद्दल फार वाईट बोलते, तर ते स्पर्धेचं दुःख राहिलेलं नाही. डॉक्टरांना किंवा समुपदेशकांना दाखवा. सरकारच्या टेलिमानस या मोफत सेवेचा १४४१६ हा नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं. ‘मी नसते तर बरं झालं असतं’ अशा अर्थाचं काही बोलली तर तिला एकटीला सोडू नका आणि त्याच दिवशी मदत घ्या. हे वाक्य लक्ष वेधायला म्हटलंय का, याचा निवाडा आपण करायचा नाही.

आणि ते रंगवलेले कागद फेकू नका. आठवणीतला आणि व्हिडिओचा, दोन्ही एकाला एक टाचून, तारीख घालून संघाच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात ठेवा. पुढच्या स्पर्धेची तयारी सुरू होईल त्या पहिल्या सरावाला ते बाहेर काढायचे. स्पर्धेच्या आदल्या रात्री मात्र अजिबात नाही.